मुलाला ऑटिझम आहे हे डॉक्टर कशावरून ठरवतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा दोन वर्षं सात महिन्यांचा. हाक मारली तर बघत नाही, 'आई' म्हणत नाही, पण एबीसीडी मात्र झेडपर्यंत घडाघडा म्हणतो. एका थेरपी सेंटरमध्ये वीस मिनिटांत 'ऑटिझम आहे' असं सांगून लगेच महिन्याचं पॅकेज पुढे केलं. दुसऱ्या डॉक्टरांनी 'व्हर्च्युअल ऑटिझम आहे, मोबाइल बंद करा' म्हणून घरी पाठवलं. सासूबाई म्हणतात, ह्याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. तर आता एमआरआय काढून एकदाचं काय ते नक्की करावं का? शिवाय घरात नऊ महिन्यांची धाकटी आहे, तिचं काय?

एमआरआयपासूनच सुरुवात करते. तूर्त काढू नका. ऑटिझम आहे की नाही हे सांगणारा स्कॅन नाही, रक्ताची तपासणी नाही, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेखही नाही. बहुतेक ऑटिस्टिक मुलांचा एमआरआय नॉर्मलच येतो. एवढ्या लहान मुलाला त्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते, खर्च होतो तो वेगळाच. पण खरं नुकसान नंतर होतं. 'मेंदू नॉर्मल आहे' असा कागद हातात आला की घर निर्धास्त होतं आणि मोलाचे सहा महिने निघून जातात. झटके येत असतील, डोक्याचा घेर फारच लहान किंवा मोठा असेल, मूल एका बाजूचे हातपाय कमी वापरत असेल, किंवा तपासताना मज्जासंस्थेच्या दुसऱ्या आजाराची शंका आली, तर आम्ही स्वतःच एमआरआय सांगतो. झटके किंवा मिळवलेली भाषा झपाट्याने गेल्याची हकिगत असेल तर ईईजी सांगतो. केसांतल्या धातूंची तपासणी, ॲलर्जीची भलीमोठी पॅनेल, रंगीत ब्रेन मॅपिंग या गोष्टींवर एक रुपयाही घालवू नका. निदानाला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

एक तपासणी मात्र टाळायची नाही, ती म्हणजे ऐकण्याची. 'आवडत्या जाहिरातीचं संगीत लागलं की आतल्या खोलीतून पळत येतो, म्हणजे ऐकू येतंच की,' हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकते. तर्क चुकीचा नाही, पण अपुरा आहे. काही मुलांना ठरावीक पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि 'स', 'श', 'फ' असे उंच पट्टीतले ध्वनी निसटतात. अशा मुलाला संगीत कळतं, बोलणं कळत नाही. म्हणून बेरा, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी तपासणी, करून घ्या. मूल झोपलेलं असताना कपाळाला आणि कानामागे इलेक्ट्रोड लावून करतात, दुखत नाही. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या तपासण्या होतात. इतरत्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा.

मग निदान कशावर होतं? मुलाच्या वागण्यावर आणि वाढीच्या इतिहासावर. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये पाहिलेल्या, ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन लिहिलं, ते आईवडिलांचं ऐकून आणि मुलांकडे बघूनच. त्याला ऐंशीहून अधिक वर्षं झाली. निकष पुष्कळ बदलले, पण निदानाची रीत मुळात तीच राहिली.

आज बहुतेक ठिकाणी डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाचे २०१३ चे निकष वापरतात. त्यात दोन गट आहेत. पहिल्या गटात तीन गोष्टी येतात: समोरच्याशी होणारी भावनांची आणि बोलण्याची देवाणघेवाण, नजर-हावभाव-हातवारे यांतून होणारा शब्दांविना संवाद, आणि वयाला साजेशी नाती जुळवणं. या तिन्हींत अडचण दिसायलाच हवी. दुसऱ्या गटात चार गोष्टी आहेत: तेच ते हातवारे, शब्द किंवा खेळ; ठरलेला क्रम मोडला की होणारा आकांत; एखाद्याच गोष्टीचं विलक्षण वेड; आणि आवाज, स्पर्श, प्रकाश, चव यांना येणारा फार तीव्र किंवा फारच थंड प्रतिसाद. यांतल्या किमान दोन हव्यात, आज दिसत नसल्या तरी पूर्वी होत्या असं कळलं तरी चालतं. शिवाय हे सगळं लहानपणापासूनचं हवं, त्याने रोजच्या जगण्यात अडचण यायला हवी, आणि नुसत्या बौद्धिक विकासाच्या विलंबाने त्याचा उलगडा होता कामा नये. बोलणं आणि बुद्धी वयानुसार असलेल्या मुलांसाठीचं 'अस्पर्जर' हे वेगळं निदान याच आवृत्तीत गेलं आणि सगळं एका स्पेक्ट्रमखाली आलं.

आता निकष वाचून कुणालाही आपल्या मुलात दोन-चार गोष्टी सापडतात. गाड्यांची रांग लावली, चवड्यांवर चाललं, पंख्याकडे टक लावून बघितलं, कुकरची शिट्टी झाली की कान झाकले, म्हणजे ऑटिझम असं होत नाही. दोन वर्षांची कितीतरी मुलं हे करतात. मी आधी बघते ते काय आहे यापेक्षा काय नाही याकडे. आणि त्यात सगळ्यात वरचं स्थान बोट दाखवण्याला देते.

बोट दोन कारणांनी दाखवलं जातं. फडताळावरचा बिस्किटाचा डबा हवा म्हणून दाखवलेलं बोट ही मागणी झाली. खिडकीतून गाय दिसली, मुलाने तिच्याकडे बोट केलं, मग मान वळवून तुमच्या तोंडाकडे बघितलं, 'हम्मा बघितलीस ना?' अशा नजरेने, आणि पुन्हा गायीकडे बघितलं. यात त्याला काहीच मिळवायचं नव्हतं, फक्त तुम्हाला सामील करून घ्यायचं होतं. साधारण एक ते दीड वर्षाच्या दरम्यान हे यायला लागतं. ऑटिझम असलेल्या मुलांत बहुतेक वेळा हेच बोट आलेलं नसतं किंवा फार उशिरा, फार कमी येतं. त्याऐवजी मूल तुमचं मनगट धरून फ्रीजपाशी नेतं, तुमचा हात दारावर ठेवतं, आणि या सगळ्यात तुमच्या चेहऱ्याकडे एकदाही बघत नाही.

तुमच्या प्रश्नातली एबीसीडी मला याच कारणाने महत्त्वाची वाटते. घरात सगळे मराठी, मूल मात्र मोबाइलवरच्या अमेरिकी उच्चारात रंग, आकडे, प्राणी म्हणतं, हे मी हल्ली सतत बघते आणि आईवडील ते कौतुकाने सांगतात. मी एवढंच विचारते: तहान लागली की तो काय करतो? पाणी मागण्यासाठी एकही शब्द, खूण किंवा नजर नाही आणि तोंडपाठ शब्द शंभर, तर त्याच्याजवळ शब्द आहेत पण ते कुणासाठी तरी वापरायचे असतात हे आलेलं नाही. ऑटिझममध्ये अडतं ते नेमकं इथे. नुसतं बोलायला उशीर झालेलं मूल याच्या उलट असतं. तोंडातून शब्द निघत नाही, पण ओढून नेतं, खुणा करतं, नकला करतं, डोळ्यांनी भांडतं. सासूबाईंना म्हणूनच असं विचारा: 'बाबा बोलत नव्हते तेव्हा काय हवंय ते सांगायचे कसे?' त्या आठवून सांगतील, आणि ते उत्तर खरोखर उपयोगाचं असतं.

चांगल्या तपासणीला वेळ लागतो. पहिल्या भेटीला तास-दीड तास, आणि बरेचदा दुसरी भेट. आधी गरोदरपण, बाळंतपण, जन्मानंतरची कावीळ, मान कधी धरली, पहिल्या वाढदिवसाला टाटा करत होता का, शब्द येऊन गेले का, हे सगळं विचारलं जातं. काही मुलांत दीड वर्षाच्या आगेमागे आलेले दहा-बारा शब्द आणि हावभाव हळूहळू मावळतात. घरचे त्याचा संबंध ताप, गाव बदलणं, धाकट्या भावंडाचा जन्म, लस अशा कशाशी तरी जोडतात. लसीचं एकदाच सांगते: लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि नंतर लाखो मुलांच्या अभ्यासांत तसा संबंध सापडला नाही. धाकटीची एकही लस चुकवू नका.

इतिहासानंतर अंगाची तपासणी. डोक्याचा घेर, चेहऱ्याची ठेवण, चाल, आणि त्वचेवर फिकट पानाच्या आकाराचे डाग आहेत का, कारण ते ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराचे असू शकतात. मुलगी असेल आणि तिने हातांचा उपयोग सोडून हात चोळणं सुरू केलं असेल तर रेट सिंड्रोम या जनुकीय विकाराचा विचार करावा लागतो. शुद्ध शाकाहारी घरातलं, अंगावरच्या दुधावर फार काळ राहिलेलं बाळ असेल तर बी-१२ बघतो. त्याने ऑटिझमचं निदान होत नाही, पण कमतरता भरून काढणं आपल्या हातात असतं. बौद्धिक विलंब असेल, ठेवण वेगळी वाटली, घराण्यात असं कुणी असेल किंवा पुढच्या मुलाचा विचार चालू असेल, तर मायक्रोअ‍ॅरे आणि फ्रॅजाइल एक्स या जनुकीय तपासण्यांबद्दल बोलते. त्या कारण शोधायला असतात, निदान करायला नाही.

आणि मग खेळ. बघणाऱ्याला वाटतं डॉक्टर मुलाशी टाइमपास करताहेत. मी साबणाचे फुगे उडवते आणि मध्येच थांबते. चावीचं खेळणं जमिनीवर थांबलं की ते मुलासमोर तसंच पडू देते. आता तो काय करतो? खेळणं उचलून माझ्या हातात देतो? देताना बघतो? नुसताच ओरडतो? की खेळणं सोडून त्याची चावी गोलगोल फिरवत बसतो? भिंतीवरच्या चित्राकडे बघून मी 'अरे, ते बघ!' म्हणते, तेव्हा त्याची मान माझ्या बोटाच्या दिशेने जाते, माझ्या बोटापाशी थांबते, की हलतच नाही? बाहुलीला खोटा खोटा घास भरवतो का? नावाने हाक मारते, आधी मी, मग आई. आई म्हणते, 'गाणं म्हटलं की बघतो.' ते गाण्याला बघणं झालं, हाकेला नव्हे, आणि मी ते वेगळं लिहून ठेवते.

दवाखान्यात मूल घाबरतं, झोपमोड झालेली असते, त्यामुळे तिथलं वागणं म्हणजे सगळं मूल नव्हे. म्हणून घरचे व्हिडिओ आणा. नाचणारा, पोज देणारा व्हिडिओ नको. जेवताना, चुलत भावंडांत, वाढदिवसाला, खेळणी पसरून एकटा बसलेला असताना, आणि जमलं तर पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागचा. जुने व्हिडिओ मला कुठल्याही फॉर्मपेक्षा जास्त सांगतात. आजी किंवा पाळणाघरातल्या ताईंनाही बरोबर आणा. ताई रोज त्याच वयाची पाच-सहा मुलं बघतात, तुलना त्यांना आपोआप येते.

आता मोजपट्ट्या, कारण सगळा गोंधळ तिथे होतो. एम-चॅट ही २० प्रश्नांची चाळणी आहे, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी. तुमचा मुलगा त्या वयाच्या किंचित पुढे गेला. त्यात गुण जास्त आले तर पुढे तपासा, एवढाच त्याचा अर्थ. इंटरनेटवर भरून 'पॉझिटिव्ह आलं' म्हणून रात्रभर रडलेल्या आया मला भेटतात. ते निदान नव्हे. भारतात तयार झालेलं आयएनडीटी-एएसडी हे निदानाचं साधन आहे, २ ते ९ वर्षांसाठी, आणि ते आपल्या घरांतली उदाहरणं घेऊन विचारतं. परदेशात नावाजलेलं, खेळातून निरीक्षण करणारं एडीओएस हे साधन आपल्याकडे प्रशिक्षित माणसं आणि किंमत यांमुळे मोजक्या ठिकाणीच मिळतं. ते झालं नाही म्हणून निदान कच्चं ठरत नाही. कार्स या मापनात १५ बाबींवर ६० पैकी गुण देतात, साधारण ३० च्या वर ऑटिझमकडे कल. आयएसएए हे भारतीय मापन ४० बाबींचं, प्रत्येकी १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. हे मुख्यतः दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तीव्रता मोजायला वापरतात. एकाच मुलाला एका ठिकाणी ८५ आणि दुसरीकडे ११० आले तर त्याचा ऑटिझम वाढला असं नसतं, माहिती देणारा आणि गुण देणारा बदललेला असतो. वीस मिनिटांत एक फॉर्म भरून निघालेला आकडा म्हणजे निदान, असं सांगणाऱ्याकडून पॅकेज घेऊ नका.

ऑटिझमच्या साधनांबरोबरच मुलाची एकूण वाढ मोजावीच लागते. प्रमिला फाटक यांच्या बडोद्यातल्या कामातून आलेली दासी चाचणी अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांना लावतात. स्वतःचं स्वतः किती करतो हे पाहणारी व्हीएसएमएस ही मूळ अमेरिकी चाचणी नागपूरला मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतली, ती आजही सर्रास वापरली जाते. ही मापं कशाला? तर अडीच वर्षांचं मूल सगळ्याच बाबतींत सव्वा वर्षाच्या बाळासारखं असेल, तर त्याचं न बोलणं, न खेळणं त्या वयाशी ताडून बघावं लागतं. सव्वा वर्षाच्या मानानेही नजर, बोट, देवाणघेवाण मागे असेल, तरच त्यावर ऑटिझम म्हणायचं. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि अतिचंचलताही सोबत असू शकते.

'व्हर्च्युअल ऑटिझम' हे निदान डीएसएममध्ये नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्येही नाही. मोबाइल बंद करा हा सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर, तो मीही देते. दिवसाचे पाच-सहा तास पडद्यासमोर जाणारं मूल बोलण्याच्या, खेळण्याच्या तेवढ्या संधी गमावतंच, आणि पडदा गेल्यावर काही मुलं महिन्या-दोन महिन्यांत चांगली मोकळी होतात. पण आधी काय आलं हे विचारायला हवं. कितीतरी घरांत मूल आठव्या-दहाव्या महिन्यापासूनच हाकेला वळत नव्हतं, माणसांत रमत नव्हतं, म्हणून जेवताना मोबाइल आला आणि मग तो वाढत गेला. तिथे मोबाइल हे कारण नाही. पडदा बंद करा, ते तास मुलासोबत जमिनीवर बसून घालवा, आणि त्याच आठवड्यात तपासणीची वेळही घ्या. 'सहा महिने मोबाइल बंद करून बघू' हे मला मान्य नाही. अडीच वर्षांच्या मुलाचे सहा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा.

निदान कोणी करावं? विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमेंदूविकारतज्ज्ञ, बालमनोविकारतज्ज्ञ, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले, लहान मुलांचा अनुभव असलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टना शंका सगळ्यांच्या आधी येते, त्यांचं निरीक्षण आम्हाला हवंच असतं. मुंबईत उम्मीद, गोव्यात सेतू अशा बालविकास केंद्रांत ही सगळी माणसं एका छताखाली असतात, पण तिथे थांबावं लागतं. जिल्ह्याच्या ठिकाणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवतं, आणि तिथे सेवा मोफत असते. सगळीकडची केंद्रं सारखी चालत नाहीत, तरी आधी तिथे चौकशी करा असंच मी सांगेन.

कुठेही गेलात तरी लेखी रिपोर्ट मागा. 'ऑटिस्टिक ट्रेट्स प्लस' एवढं चिठ्ठीवर खरडलेलं चालणार नाही. कोणती साधनं वापरली, प्रत्येक निकषाला मुलाच्या वागण्यातलं उदाहरण कोणतं, विकासाचं वय किती, भाषेचं किती, ऐकणं कसं, झोप-खाणं-झटके यांचं काय, आधाराची गरज तीनपैकी कोणत्या पातळीची, पुन्हा कधी बघायचं, हे त्यात हवं. अनुभवी हातांनी दोन वर्षांच्या आसपास केलेलं निदान बहुतेक मुलांत टिकतं. थोड्या मुलांत पुढे निकष पूर्ण होत नाहीत, म्हणून वर्षभराने फेरतपासणी करायचीच. चित्र धूसर असेल तर मी 'ऑटिझमची दाट शंका' असं लिहून मोकळी होते आणि काम त्याच दिवशी सुरू करायला सांगते. संवादावरचं काम सुरू करायला शिक्का लागत नाही. त्या कामात घरची मराठीच बोला. दोन भाषांनी ऑटिझम वाढत नाही, आणि तुम्हाला जी भाषा सहज येते तिच्यातच तुम्ही मुलाशी सहज खेळाल. परदेशात राहणाऱ्या मराठी आईवडिलांनाही मी हेच सांगते.

निदान पक्कं झालं तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. लहान मुलांना प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचं मिळतं. राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेचा निरामय आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा आहे, त्यात थेरपीचाही काही खर्च मिळतो. प्रमाणपत्र काढल्याने शाळेचं दार बंद होईल ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. सवलती मागायच्या असतील तेव्हा तोच कागद लागतो. आणि 'स्टेम सेलने बरा करतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असं म्हटलंय.

आता धाकटी. मोठ्याला ऑटिझम निघाला तर भावंडांत त्याची शक्यता सुमारे पाचात एक, बहिणींत भावांपेक्षा कमी. म्हणजे बहुतेक भावंडांना तो नसतो, पण लक्ष ठेवण्याइतकी शक्यता नक्की आहे. नऊ महिन्यांची आहे तर आता बघा: तुम्ही हसलात की हसते का, आवाजाला आवाज देते का, लपाछपीच्या खेळात 'भोऽऽ' व्हायच्या आधीच तिचा चेहरा फुलतो का, नावाला वळू लागली का. वर्षाची होईपर्यंत टाटा, टाळ्या, 'बाप्पाला जय कर' यांतलं काही यायला हवं, सोळा महिन्यांपर्यंत अर्थ असलेला एखादा शब्द, दोन वर्षांपर्यंत 'बाबा ये' असे दोन शब्द जोडून. मुलींत लक्षणं पुष्कळदा दबलेली असतात. त्या शांत असतात, इतरांचं बघून करतात, आणि 'गुणी आहे' म्हणून राहून जातात. मोठ्याच्या तपासणीला तिलाही घेऊन या. मग तिला अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात, सगळं ठीक वाटलं तरी, पुन्हा दाखवा. आलेला शब्द किंवा आलेली खूण कोणत्याही वयात नाहीशी झाली, तर त्या तारखांची वाट बघू नका.